कलकलचा कंगवा

मित्रांनो, मी एक जुना कंगवा आहे, पण माझ्याकडे केस विंचरण्याच्या गोष्टी मागू नका. माझ्या दातांतून केस आयुष्यात एकदाच गेले, आणि तेही रागाच्या भरात. मी स्वयंपाकघरातला कंगवा आहे. हसायचं असेल तर आधी हसून घ्या. मला सवय आहे.

माझा जन्म साच्यातला. पांढरं प्लॅस्टिक, जाड दात. नाशिकला रविवार कारंजाजवळच्या एका हातगाडीवर फिती आणि पिनांच्या शेजारी मी पडून होतो. नव्वद साली सगुणाबाईंनी मला उचललं आणि माझ्या दातांवरून अंगठा फिरवला. गाडीवाला म्हणाला, बाई, तुमचे केस दाट आहेत, वेगळा दाखवतो. त्या म्हणाल्या, केसांसाठी नकोच आहे. तो बघतच राहिला.

शरणपूरच्या दोन खोल्यांत त्यांचं घर होतं. नवरा सावळीराम सातपूरच्या एका लहान वर्कशॉपमध्ये लेथवर काम करी आणि घरात फारसा बोलत नसे. मुलगी सुवर्णा तेव्हा सहा वर्षांची होती. घरी येताच सगुणाबाईंनी मला गरम पाण्याने धुतलं, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलं आणि फळीवर ठेवून दिलं. याला कोणी डोक्याला लावायचं नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. मला अपमान वाटला. आरशासमोर न जाणारा कंगवा कसला कंगवा?

पण डिसेंबर आला आणि मला माझं काम कळलं. नाताळच्या फराळात करंज्या असतात, शंकरपाळे असतात आणि कलकल असतात. दुधात भिजवलेल्या पिठाची बोराएवढी गोळी माझ्या दातांवर ठेवायची, अंगठ्याने दाबत पसरायची आणि कडेपासून वळत आणायची. गोळीचा लहानसा शंख होतो, अंगावर रेघारेघांचा. मग तो तळायचा आणि पाकात घोळायचा. त्या रेघा माझ्या. सुवर्णाने पहिला कलकल वळला तेव्हा तिचा अंगठा माझ्या तीन दातांएवढा होता. दहा वर्षांची होईपर्यंत तिचा हात आईपेक्षा साफ झाला. नाताळच्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक घरी आमचं ताट जाई, आणि ताटं परत येताना माझं कौतुक घेऊन येत.

मग सत्त्याण्णव साल उजाडलं. ऐन पावसाळ्यात वर्कशॉपला कुलूप लागलं. सावळीराम रोज सकाळी डबा घेऊन काम शोधायला बाहेर पडे आणि दुपारी तोच डबा घरी येऊन खाई.

नाताळ जवळ आला तेव्हा आमच्या चर्चच्या मंडळीचे पंच रावजी घरी आले. सलाम झाला, चहा झाला. माणूस वाईट नव्हता. चर्चमध्ये नाताळच्या उपासनेनंतर गरजू घरांना पाकिटं देत. पाकिटात दुकानातला केक, फ्रॉकचं कापड आणि चमकीच्या कागदातल्या गोळ्या असत. एकेक नाव मोठ्याने वाचायचं, त्या घरच्याने पुढे जायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. यंदा त्या यादीत रावजींनी सगुणाबाईंचं नाव घातलं होतं.

"रावजीभाऊ, आमचं नाव काढा," सगुणाबाई म्हणाल्या. "आमच्याकडून यंदाही ताटं जातील."

"बाई, ताठा बाजूला ठेवा. तुमची परिस्थिती सगळ्यांना माहीत आहे."

"माहीत असू द्या. ज्यांच्या घरी पीठ नाही त्यांना पाकीट द्या. माझ्या घरी आहे."

रावजींनी मान हलवली, पण नाव काढलं नाही. दरवर्षी असंच चालतं, त्या दिवशी बघू, असं म्हणून ते गेले.

सगुणाबाई कामाला लागल्या. दिवाळीला रेशनवर मिळालेली जादा साखर त्यांनी डब्याच्या तळाशी राखून ठेवली होती. नारळाच्या दुधाऐवजी साधं दूध, लोण्याऐवजी वनस्पती तूप, आणि मैद्यात निम्मी कणीक. ताटात पसरून वाढण्याइतका जिन्नस नव्हता, म्हणून त्यांनी दोन जुन्या साड्या फाडल्या आणि काठाकडच्या चांगल्या भागाच्या पोटल्या शिवल्या. सावळीरामने बांबूच्या काड्या तासून लहान चांदण्या केल्या, प्रत्येक पोटलीला एक.

हे सगळं सुवर्णाला सहन होईना. ती तेरा वर्षांची झाली होती. तिला पाकिटातला केक हवा होता, त्यावरच्या गुलाबी फुलासकट. फ्रॉकचं कापड हवं होतं. आयतं मिळतंय ते सोडून आई चिंध्या शिवत बसली आहे, सगळे हसतील, असं ती दोन दिवस म्हणत राहिली. आई शिवतच राहिली, आणि तेच तिला जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पीठ मळून ओल्या फडक्याखाली ठेवलं होतं. सुवर्णाने फळीवरून मला ओढलं, आईच्या डोळ्यांसमोर आपल्या तेल लावलेल्या केसांतून दोनदा फिरवलं आणि पाटावर आपटलं.

"घे. आता वळ."

मित्रांनो, कंगव्याला केसांची लाज वाटावी, हे मी तुम्हाला कसं समजावू? खोबरेल तेल माझ्या मुळांशी बसलं होतं आणि दोन लांब केस दातांत अडकले होते. मी संपलो, असंच मला वाटलं.

सगुणाबाईंनी हात उगारला नाही. त्यांनी ते दोन केस काढले. सोडा घातलेल्या कढत पाण्याने मला तीनदा धुतलं, ब्रशाने दातन् दात घासला आणि दारातल्या उन्हात उभं केलं. तेल निघतं, मित्रांनो. एकदा डोक्याला लागलो म्हणून मी बाद झालो नाही, हे तिथेच ठरलं.

तेवढ्यात शेजारच्या सखुबाई आल्या. मखमलाबादकडे त्यांचा फुलांचा मळा होता आणि पंचवटीत बसून त्या फुलं विकत. पोटल्या बांधायला हार ओवायचा दोरा घेऊन त्या आल्या होत्या. सगुणाबाईंनी त्यांना पाटावर बसवलं आणि मला त्यांच्या हातात दिलं.

सखुबाईंनी गोळी दाबली ती फाटली. दुसरी दाबली ती चिकटली. तिसरी कशीबशी वळली.

"अगं बाई, ही तर कोबीवरची अळी झाली," त्या म्हणाल्या. "खानाऱ्याच्या हातातून पळून जाईल."

"छान जमतंय," सगुणाबाई शांतपणे म्हणाल्या.

उंबऱ्यात पाठ करून बसलेल्या सुवर्णाची मान वळली. आणखी दोन अळ्या झाल्या. तिसरीला ती उठली.

"छान काय छान? मावशी, अंगठा असा नाही. दाबत न्यायचं आणि शेवटी सोडायचं."

"मंग तूच कर की पोरी. माझा अंगठा खुरपून खुरपून दगड झालाय."

सुवर्णाने हात धुतले. पहिला कलकल ताटात पडला तेव्हा तिने तो उचलून रेघा निरखल्या, आणि सखुबाईंच्या सगळ्या अळ्या मोडून पुन्हा वळल्या. दिवे लागेपर्यंत तिने मला खाली ठेवलं नाही. आई फक्त तळत होती.

नाताळच्या उपासनेला मी नव्हतो. पण घरी आल्यावर, कधी न बोलणाऱ्या सावळीरामने ती हकिकत तीनदा सांगितली. रावजींनी यादी वाचली आणि सगुणाबाईंचं नाव आलं. टाळ्या सुरू झाल्या. सगुणाबाई पदर सावरून उठणार, तेवढ्यात सुवर्णा पोटल्यांची टोपली कमरेवर घेऊन पुढे गेलीसुद्धा. तिने पाकिटातल्या केकवरचं गुलाबी फूल बघितलं. सावळीराम म्हणाला, नीट बघितलं. मग ती म्हणाली,

"रावजीकाका, हे राहू द्या. आम्ही वाटायला आणलंय. कलकल मी वळलेत."

टाळ्या थांबल्या. रावजींनी खिशातलं पेन काढलं आणि सगळ्यांसमोर नाव खोडलं. पहिली पोटली त्यांनीच सोडली.

"साखर बेताची आहे," ते खाता खाता म्हणाले.

"बेताचीच होती," सगुणाबाई जागेवरून म्हणाल्या.

पुढच्या वर्षी सावळीरामला ओझरकडे काम लागलं. सुवर्णा नर्स झाली, तिचं लग्न झालं. दोन हजार आठ साली सगुणाबाई गेल्या. सुवर्णाने मला आपल्या घरी आणलं, काचेच्या कपाटात कापसावर ठेवलं, आणि आल्यागेल्याला सांगू लागली, ही आईची आठवण. नाताळचा फराळ आता दुकानातून खोक्यांत येतो. पाहुणे काचेला नाक लावतात आणि म्हणतात, बिचारा, किती जुना.

मी बिचारा नाही. सगुणाबाईंनी टाळ्यांसकट येणारं पाकीट घेतलं नाही, मग मी हा कापूस का घ्यावा? मित्रांनो, तुमच्या घरात कुणी जुनं असेल, वस्तू असो की माणूस, तर त्याला नुसतं जपून ठेवू नका. धुवा, पुसा आणि कामाला लावा. त्याहून मोठी काळजी मला ठाऊक नाही.

आणि सुवर्णा, ऐकते आहेस ना? माझे सगळे दात शाबूत आहेत. कपाट उघड, पीठ भिजव.