पंपाचं घर

पंपाला घर बांधून द्यावं ही कल्पना सिगब्योर्नची. पंपाने तसं काही मागितलं नव्हतं.

तिन्सेत या बर्फाळ गावातल्या त्या आळीत घर तापवणाऱ्या हीट पंपाचा बाहेरचा डबा उघडा ठेवणं म्हणजे चारचौघांत बनियनवर बसण्यासारखं. लाल लाकडी भिंतीला पांढरा पत्रा शोभत नाही, यावर सगळ्यांचं एकमत. म्हणून लोक डब्यावर लाकडी खोकं चढवतात. सिगब्योर्नने खोकं केलं नाही, घर बांधलं. लाल भिंती, पांढऱ्या चौकटी, उतरतं छप्पर, छपरावर गवत आणि पुढे बारीक पट्ट्यांचं दार. ते इतकं सुबक झालं की त्याच्यापुढे राहतं घरच ओबडधोबड दिसायला लागलं.

त्याच्या बायकोला, एल्द्रिदला, त्या घराची किंमत वेगळ्या कारणाने ठाऊक होती. सुतारकामाचा कारखाना विकल्यापासून सिगब्योर्न खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. बसला म्हणजे बसलाच. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिलं. एल्द्रिद त्याला नुसतं ‘बसणं’ म्हणायची. मग चिमणीला तडा गेला, लाकडाची शेगडी बंद करावी लागली, पंप आला, आणि त्या पांढऱ्या डब्याकडे बघता बघता एक दिवस हा उठला. उन्हाळाभर करवत चालली. शेजाऱ्यांनी आपापल्या पंपांसाठी तशीच घरं करून मागितली, तीही त्याने दिली. तो रोज दाढी करायला लागला, शीळ घालायला लागला. तेव्हा ते घर पंपाचं असेल, पण त्यात नवरा परत राहायला आला होता.

हिवाळा आला आणि राहतं घर गारठलं. पंपावर तेवीसचा आकडा लावला तरी बैठकीची खोली पंधराच्या वर जाईना. एल्द्रिदने आतल्या डब्याची जाळी धुतली. वाऱ्याच्या वाटेतला सोफा हलवला. रात्री आकडा खाली आणायची जुनी काटकसर सोडून दिली. काही उपयोग झाला नाही. पंप थोडा वेळ चालायचा, मग थांबून अंगावरचा बर्फ वितळवत बसायचा, आणि तेवढा वेळ आत कसलीच ऊब यायची नाही. नवरा-बायको दोन-दोन लोकरी स्वेटर घालून एकमेकांसमोर बसायचे आणि यंदाची थंडी कडक आहे असं म्हणायचे.

शेवटी तिने पंप बसवणाऱ्याला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बाहेरच्या डब्याभोवती काही आहे का? पुढची हवा मोकळी आहे ना?”

समोर सिगब्योर्न पावावर तपकिरी चीजचे काप रचत होता.

“मोकळी आहे,” एल्द्रिद म्हणाली. “नुसतं मैदान आहे.”

ती धडधडीत खोटं बोलली. आदल्याच दिवशी तिने स्वयंपाकघरातला थर्मामीटर त्या पट्ट्यांमधून आत सरकवून पाहिला होता. अंगणात उणे नऊ, छोट्या घरात उणे सतरा. आता बाहेरची हवा गार असली तरी पंप तिच्यातली उरलीसुरली ऊब शोषून घेतो आणि आणखी गार हवा पुढे फेकतो. ती हवा त्या सुबक दारावर आपटून मागे वळायची आणि पंप तीच पुन्हा आत ओढायचा. बिचारा दिवसभर स्वतःचंच उष्टं खात होता. दार काढलं की प्रश्न सुटणार होता. पण दार काढायचं म्हणजे सिगब्योर्नला सांगायचं, आणि सांगितलं की तो परत त्या खुर्चीत जाऊन बसेल, या भीतीने तिची जीभ उचलत नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही उणे सतरात.

त्या आठवड्यात ती वॉफलचा साचा परत करायला शेजारच्या तुरूनकडे गेली. न कळवता गेली, हे तिथे जरा जास्तच झालं. तुरूनच्या पंपाच्या घराला दार नव्हतं. ते मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. आत तुरूनचा नवरा अर्नफिन अर्ध्या बाह्यांच्या शर्टात बसला होता.

तुरूनचा चेहरा बाहेरच्या भिंतीसारखा लाल झाला. “रविवारी परत लावतो गं आम्ही. सिगब्योर्न फिरायला निघतो ना, त्याच्या आधी. सगळेच लावतात.”

“सगळे?”

“मग काय! माणूस एवढा सावरलाय. उगाच कशाला मन दुखवायचं? कॉफी घेतेस?”

म्हणजे आळीभर अळीमिळी गुपचिळी. सगळे घामाघूम, आणि नवऱ्याचा मान राखायला ही एकटी कुडकुडतेय! एल्द्रिदने कॉफी घेतली नाही. तिला भयंकर राग आला होता आणि तो नेमका कोणावर काढावा हे तिला कळत नव्हतं.

घरी येऊन, अंगातला कोट न काढता, तिने सिगब्योर्नला सगळं सांगून टाकलं. थर्मामीटर, फोनवरचं खोटं, शेजाऱ्यांची दारं. सांगताना ती त्याच्या गुडघ्यांकडे बघत होती. ते खुर्चीकडे वळतात का, एवढंच तिला बघायचं होतं.

“माहितीये मला,” सिगब्योर्न म्हणाला.

“काय माहितीये?”

“दारांचं. म्हणून तर दर रविवारी मी अकराच्या ठोक्याला निघतो. आणि वळणावर मोठ्याने खोकतो. अर्नफिनचे गुडघे दुखतात, दार लावायला वेळ लागतो त्याला.”

एल्द्रिद धपकन स्टुलावर बसली. “अरे, मग आपण का मरतोय थंडीने?”

सिगब्योर्नने टेबलावरचे पावाचे कण गोळा केले. “तू त्या घराला सुंदर म्हणालीस,” तो म्हणाला. “लग्न झाल्यापासून मी केलेल्या कशालाही तू सुंदर म्हणाली नव्हतीस. आता ते मोडायचं कसं?”

हे खरं होतं. ती म्हणाली होती, आणि केवळ त्याने पुन्हा बसू नये म्हणून म्हणाली होती. बाकी जन्मभर तिने केलं ते तिथल्या रीतीप्रमाणे. उत्तम वस्तूला ‘वाईट नाही’ म्हणायचं आणि कामाला लागायचं.

“तू केलेला मुलींचा पाळणा सुंदर होता,” ती म्हणाली. “मी रात्री उठून त्यावरून हात फिरवायची. आणि हा जिना. हाही सुंदर आहे. तेव्हाच म्हणायला हवं होतं.”

सिगब्योर्नने मान वर केली नाही. “आणि पंपाचं घर?”

“ते भिकार आहे. काढून टाक.”

“बरं,” म्हणत तो उठला आणि स्क्रू-ड्रायव्हर शोधायला गेला. बराच वेळ तो आला नाही. आतून नाक शिंकरल्याचा आवाज येत होता.