वांगं आणि सरी

खासगी दवाखान्यात सरकारी योजनेच्या खिडकीपुढे उभी राहून मी मनात विष्णुसहस्रनाम म्हणायचे. खिडकी उघडेपर्यंत ते पुरं होऊन पुन्हा सुरू झालेलं असायचं. आधी सांगितलं, सरकारी इस्पितळाची चिठ्ठी आणा. चिठ्ठी आणली, तर तिच्यावर शिक्का नाही. शिक्का आणला, तर सर्व्हर बंद. सर्व्हर चालू झाला तेव्हा खिडकीतली बाई जेवायला गेलेली. देवा, क्षमा कर, पण त्या दिवशी नामाच्या मध्येच भलता शब्द तोंडात आला होता. गिळला.

घरी आमचे यजमान, वासुदेव, पलंगावरून दारापर्यंत आले तरी धापा टाकत. हृदयाच्या नळ्या तुंबलेल्या, ऑपरेशन लांबवू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. सरकारी योजनेत ते फुकट होणार होतं, आणि फुकट झालं तरच होणार होतं. आणि एके दिवशी ती खिडकीतली बाई मान वर न करता म्हणाली, "अम्मा, तुमची केस योजनेतून काढली. आता स्वतःच्या खर्चानं करायचं."

घरी येऊन मी तुळशीपुढे बसले, नुसतीच. आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी पुण्याची केतकी जिना उतरत होती. तिला सगळं सांगितलं.

"काकू, आणि तुम्ही भांडला नाहीत?"

"आवाज चढवायचा नाही, असा माझा नेम आहे गं."

"तुम्ही ना, टू मच गोड आहात! मग तुमच्यासाठी आवाज चढवणारं कुणीतरी बघू या." तिनं फोनमध्ये शोधून सांगितलं की कोर्टाच्या आवारात कायदेशीर सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, आणि बायकांना तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्नसुद्धा विचारत नाहीत.

फुकट म्हणजे आणखी एक खिडकी, असं मनात म्हणतच मी गेले. खिडकी नव्हती. साध्या कागदावर अर्ज घेतला आणि दिव्यश्री नावाची वकीलबाई नेमून दिली. इथलीच, कानडी. समोर बसवून म्हणाली, "अक्का, पहिल्यापासून सांगा."

मी सांगायला लागले. खिडकीतल्या बाईनं चिठ्ठी मागितली, मी सरी म्हटलं, म्हणजे कानडीतलं 'बरं'. शिक्का मागितला, सरी म्हटलं. मग एकदा ती घाईघाईत म्हणाली, योजनेतली खाट रिकामी नाही, खर्चानं केलं तर लवकर होईल, तसं लिहू का? मी म्हटलं…

दिव्यश्रीनं पेन खाली ठेवलं. "सरी म्हटलंत."

"हो, पण माझी सरी म्हणजे ऐकलं एवढंच हो! भाजीवाल्यालाही म्हणते, रिक्षावाल्यालाही म्हणते. समोरचा बोलतोय तर त्याला काहीतरी म्हणायला नको?"

"त्यांची सरी म्हणजे मान्य, अक्का. त्यांनी तसं लिहून टाकलं." तिनं कपाळ चोळलं. मग एकदम विचारलं, "चातुर्मास चालू आहे ना? तुम्ही काय सोडलंय?"

"वांगं."

"वांग्याबरोबर सरी पण सोडा. ऑपरेशन होईपर्यंत."

मला हसू यायला हवं होतं, पण रागच आला. इतकी वर्षं गोड बोलायचं व्रत पाळलं, आणि त्याच गोड बोलण्यानं यजमानांची खाट घालवली!

प्राधिकरणानं दवाखान्याला नोटीस पाठवली आणि दोन्ही बाजूंना बोलावलं. टेबलाच्या एका टोकाला समेट घडवणारे साहेब, समोर दवाखान्याचे कृष्णमूर्ती. ते अगदी हसतमुख. "सर, अम्मांनी स्वतःच होकार दिला. आमच्याकडे नोंद आहे."

"नोंद तुमच्या माणसाची," दिव्यश्री म्हणाली. "यांची सही कुठे आहे? योजना सोडते असं यांनी लिहून दिलेलं दाखवा."

कृष्णमूर्तींनी फाईल पुढून उलटली, मग मागून उलटली. सही नव्हती. साहेबांनी चष्मा काढला आणि त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

"ठीक आहे सर, परत योजनेत घेतो," कृष्णमूर्ती म्हणाले. मग खुर्ची माझ्याकडे वळवली आणि इतक्या मायेनं बोलले की माझा भाऊच जणू. "अम्मा, या महिन्यात फार गर्दी आहे. पुढच्या महिन्यात करू. सरीना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सरी ओठांवर येऊन बसली होती, अगदी सवयीनं. माझ्या डोळ्यांपुढे पलंगापासून दारापर्यंतची आमची ती एवढीशी जागा आली.

"आगल्ला," मी म्हटलं. जमणार नाही. आवाज चढवला नाही, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. "ते दारापर्यंत चालू शकत नाहीत. याच आठवड्यात."

कृष्णमूर्तींचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याचं काय करावं हे त्यांना कळेना. साहेबांनी 'याच आठवड्यात' असं लिहून घेतलं आणि दोघांच्या सह्या घेतल्या. माझीसुद्धा.

ऑपरेशनच्या सकाळी यजमानांना हिरवा झगा घातला, चाकाच्या खाटेवर निजवलं. ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडायची वेळ आली तशी त्यांनी माझा पदर धरला.

"ऐकतेस का? मला आता जरा बरं वाटतंय. घरी जाऊ या. पुढं बघू. सरी?"

इतक्या खिडक्या, शिक्के, सर्व्हर, आणि आता हे! तेही याच शब्दात!

मी त्यांच्या मुठीतून पदर सोडवला, कपाळाला अंगारा लावला.

"आगल्ला," म्हटलं, आणि खाट ढकलणाऱ्याला मान हलवून खूण केली.