गोठ्यापासून तीन बोटं

व्हिक गावात डिसेंबरात जे धुकं पडतं त्याला धुकं म्हणणं म्हणजे हत्तीला डुक्कर म्हणण्यासारखं आहे. नार्सिसच्या आजोबांनी एकदा सायकल धुक्यालाच टेकवून ठेवली आणि दुपारी ऊन पडल्यावर ती धाडकन आडवी झाली, हे शपथेवर सांगणारी माणसं बाजारचौकात अजून भेटतात. अशा धुक्यातून, आठ तारखेच्या सकाळी, नार्सिस टेकडीवरून शेवाळाची टोपली घेऊन घरी आला. हे अकरावं वर्ष. गुडघ्यापर्यंत ओला, नाक लालभडक, आणि मनात एकच आशा: यंदा तरी.

आशा कसली, तर अंगठ्याएवढ्या मातीच्या बाहुलीची.

त्याची सासू रेमेई दर नाताळात दिवाणखान्यातल्या लांब टेबलावर शेवाळाची जमीन करून येशूजन्माचा देखावा मांडायची. त्यातली माणसं ती स्वतः घडवायची, आणि घरातल्या प्रत्येकाला त्यात जागा होती. नदीवर कपडे धुणारी बाई म्हणजे नार्सिसची बायको रोसेर. चेस्टनट भाजत बसलेली ती मेहुणी नूरिया. पिठाच्या गिरणीच्या दारात उभे ते त्याचे वारलेले सासरे. रेमेईच्या हातात अशी जादू की थंडी वाढली की तिनं घडवलेली बाहुली शिंकते, असं शेजारीपाजारी म्हणत. बिशप नावाच्या बोक्यालासुद्धा मेंढरांत जागा मिळालेली. नव्हता तो फक्त जावई.

नार्सिसनं कधी विचारलं नाही. सॉसेज वाळवण्याच्या कोठीवर तो मुकादम होता, अठरा माणसं त्याच्या हाताखाली. मागून मिळालेला मान तो मान कसला, असं तो म्हणायचा, आणि मनातल्या मनात मागत राहायचा.

त्या दिवशी रेमेईनं वर्तमानपत्राच्या कागदातून एक नवी बाहुली काढली. नार्सिस टोपलीसकट पुढे सरकला. बाहुलीला पिवळी वेणी होती, हातात मधाचं मडकं.

"ही मी?" मारेननं विचारलं.

मारेन सप्टेंबरात मिनेसोटाहून इथल्या विद्यापीठात शिकायला आली होती आणि रेमेईच्या वरच्या खोलीत राहत होती. जानेवारीत परीक्षा, म्हणून नाताळ इथंच.

"नाहीतर कोण, पोरी? घरात सहा फुटी दुसरं कोण आहे," रेमेई म्हणाली. "तुला माती दुप्पट लागली." आणि तिनं ती बाहुली पाळण्यापासून तीन बोटांवर ठेवली. मेंढपाळांच्याही पुढे.

नार्सिस तडक स्वयंपाकघरात गेला. "तीन महिने," तो रोसेरला म्हणाला.

"काय तीन महिने?"

"तिला येऊन तीन महिने झाले आणि गोठ्यापासून तीन बोटांवर जागा. मी अकरा वर्षं शेवाळ वाहतोय. या न्यायानं मी एव्हाना बाळाच्या कुशीत झोपायला हवा होतो."

"मग आईला विचार."

"मी नाही विचारणार."

"मग कांदे चीर. डोळ्यांत पाणी आलंच आहे."

त्या दिवसापासून मारेनचं सगळंच त्याच्या डोळ्यांत खुपू लागलं. सासूबाई मांसाच्या सारातलं नळीचं हाड तिच्या ताटात घालत. लांब चोचीच्या सुरईतून वाईनची धार तिनं पहिल्याच फटक्यात तोंडात झेलली. नार्सिसचे अकरा वर्षांत अकरा सदरे डागाळले होते. सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा तो मुद्दाम खोकला.

देखाव्यात बाळाच्या दर्शनाला निघालेल्या तीन राजांना रोज थोडं थोडं गोठ्याकडे सरकवायचं काम नार्सिसकडे असे. यंदा त्यानं त्याला जोड दिली. राजे एक बोट पुढे, मारेनची बाहुली एक बोट मागे. ती मेंढपाळांच्या मागे गेली, मग विहिरीपाशी, मग चंदेरी कागदाची नदी ओलांडून पलीकडे.

"ही पोरगी घर सोडून निघाली की काय," रेमेई एकदा चष्मा वर करत म्हणाली.

"बोका," नार्सिस म्हणाला.

बिशप शेगडीपाशी झोपला होता. त्यानं एक डोळा उघडला, नार्सिसकडे बघितलं आणि मिटला.

चोवीस तारखेला त्यानं मारेनला गिरणीमागच्या झुडपात नेऊन ठेवलं. तिथं आधीच एकजण होता. हा असतोच, प्रत्येक घरच्या देखाव्यात: लाल टोपी घातलेला, विजार खाली सोडून परसाकडे बसलेला गडी. तो जमिनीला खत देतो म्हणून पुढचं वर्ष पिकतं. तो नसला तर घराचं काही खरं नाही. त्याला दडवून ठेवायचं आणि नाताळच्या जेवणानंतर घरात नव्यानं आलेल्या माणसानं शोधायचं, ही रीत. नार्सिस नवा जावई होता तेव्हा त्याची पाळी आली होती. "मी कोठीचा मुकादम आहे," तो तेव्हा म्हणाला होता, "चार माणसांत रांगत कुणाचं ढुंगण शोधणार नाही." रेमेई फक्त "बरं" म्हणाली. त्यानंतर दर वर्षी नूरियाची जुळी पोरं शोधत, सापडला की नार्सिसकडे बघून खिदळत. वाईनचे घोट चोरले असतील, असं त्याला वाटे.

आताही त्यानं गड्याच्या पाठीकडे नीट बघितलं नाही. मारेनला त्याचा वास वाऱ्यानं थेट येईल अशा बाजूला ठेवलं आणि समाधानानं हात झटकले.

दुसऱ्या दिवशी सार झालं, कोंबडा झाला, बदामाची वडी फुटली, आणि रेमेईनं मारेनला हाक मारली. "ऊठ पोरी. गडी शोध."

मारेन सहा फुटांची घडी करून टेबलाभोवती रांगू लागली. गिरणीपाशी थबकली.

"मी सापडले," ती म्हणाली. "आणि माझ्याशेजारी..." तिनं गडी उचलून उजेडात धरला. तारेचा चष्मा. चौकटीचा मफलर. आणि चेहऱ्यावर समोरचं ताट कुणीतरी उचलून नेल्याचा भाव. "नार्सिसकाका, हे तुम्ही आहात."

जुळी टेबलाखाली गेली. रोसेरनं तोंडाला रुमाल लावला.

"अकरा वर्षं," रेमेई म्हणाली. "पहिल्याच नाताळाला शोधायला सांगितलं होतं. तेव्हा मुकादमांचे गुडघे वाकत नव्हते."

नार्सिसचे कान चेस्टनटसारखे भाजून निघाले. "सासूबाई, मामंजींना गिरणी, बोक्याला कुरण, आणि मला हे?"

"आधी तिथं माझे वडील बसायचे. तुझ्या मामंजींनी जन्मभर मागितली ती जागा. नाही दिली, गिरणीवर समजूत काढली. मेंढपाळ कुणीही होतो, जावईबापू. राजे तर पाहुणेच, येतील आणि जातील. पण गाव ज्याच्यावर पिकतं त्या कामाला रोजचा, घरचा माणूस लागतो." तिनं त्याच्या चाटूनपुसून साफ केलेल्या ताटाकडे बघितलं. "आणि तू जेवतोसही भरपूर."

हसण्यानं खिडक्यांवरचं धुकं उडालं, म्हणतात.

मारेन मात्र गड्याकडे कौतुकानं बघत होती. "किती छान जागा आहे. पुढच्या वर्षी आले तर मी बसू इथं?"

"ती जागा रिकामी नाही," नार्सिस इतक्या झटकन म्हणाला की बोका जागा झाला.

सगळे कॉफीकडे वळल्यावर तो एकटाच टेबलापाशी गेला. त्यानं मारेनला उचललं, नदी ओलांडून, विहिरीवरून, मेंढपाळांच्या पुढे आणलं आणि पाळण्यापासून तीन बोटांवर ठेवलं. झुडपाकडे एकदा बघितलं. मग आणखी एक बोट पुढे सरकवलं. तिथून झुडूप चांगलंच लांब पडत होतं.

"बोका आला होता वाटतं," मागून रेमेई म्हणाली.

"हो," नार्सिस म्हणाला. "उपरती झाली त्याला."

ती गेल्यावर त्यानं झुडपाभोवती शेवाळ दाबून बसवलं, दुसऱ्या कुणाला बूड टेकायला जागा उरणार नाही असं. शेवटी गड्याला हलकेच वळवलं, दारातून येणाऱ्याला चेहरा दिसेल इतकं. त्यामुळे गड्याची पाठ तिन्ही राजांकडे झाली, पण त्याला इलाज नव्हता.