आत्याच्या पानांची खोगीरभरती

मी तिला मागणी घालायला गेलो, तर तिच्या वडिलांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही करता काय?"

मी पुस्तकांच्या छापखान्यात काम करतो. लोकांनी लिहिलेलं कमी करणं हे माझं काम, म्हणून तिथे मला कात्री म्हणतात. हे सगळं थोडक्यात आणि जरा रुबाबात सांगावं म्हणून मी म्हणालो, "काका, मी खोगीरभरती काढतो."

त्यांच्या हातातली जाड सुई थांबली.

तिचे वडील घोड्यांची खोगिरं शिवतात, हे मला माहीत होतं. बसलो होतो तेही एका खोगिराला टेकूनच. पण माणूस घाबरला की त्याला माहीत असलेलं आठवत नाही.

"काढता?" ते म्हणाले. "सगळी?"

"कणभरही ठेवत नाही."

"आणि पाठ?"

"कुणाची?"

"ज्याच्यावर ते पडतं त्याची."

मला वाटलं, ते वाचकाबद्दल बोलतायत. "उलट त्याला हलकं वाटतं, काका."

तिने मला कोपर मारलं. ती घोड्यांना नाल ठोकते, त्यामुळे तिचं कोपर नीट लागतं. आमची ओळख कशी झाली हे फार लांबण आहे, म्हणून ते मी कापतो.

मग तिने समजावलं. खोगिराच्या पोटात दोन गाद्या असतात, त्यांत पिंजलेली लोकर भरतात, तीच खोगीरभरती. गाठ राहिली की घोड्याची पाठ सोलते, एक बाजू कमी झाली की घोडा लंगडतो. या घरात हा शब्द फक्त कौतुकाला वापरतात. तिच्या आईची शिलाई चांगली झाली तर वडील म्हणतात, "वा, खोगीरभरती." आमच्या छापखान्यात हाच शब्द ऐकून एक कवी तीन दिवस जेवला नव्हता.

वातावरण निवळावं म्हणून तिची आई उठली. "बाकीचं राहू द्या. आधी तोबरा," असं म्हणून तिने माझ्या हातात एक कापडी पिशवी दिली.

तोबरा म्हणजे काय हे मला लहानपणापासून माहीत होतं. "तोंडात तोबरा भरून बोलू नकोस" हे वाक्य मी माझ्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकलं आहे. मला वाटलं, घर मोकळंढाकळं दिसतंय, पाहुण्याला थेट पिशवीतून खायला देतात. पिशवीत भिजवलेले हरभरे आणि गाजराचे तुकडे होते. मीठ नव्हतं, पण पहिल्याच भेटीत मीठ कुठे मागायचं? मी खात सुटलो.

तिसरी मूठ तोंडात असताना ती हळूच म्हणाली, "अरे, तो बाईसाहेबांचा आहे."

"मग त्यांनाही बोलवा ना," मी भरल्या तोंडाने म्हणालो.

बाईसाहेब मागच्या अर्ध्या दारावरून मान काढून मघापासून माझ्याकडेच बघत होत्या. त्यांना चार पाय होते. तोबरा त्यांच्या तोंडाला बांधायचा होता आणि तो मान मला दिला होता.

"यांना तोबरा कळत नाही, खोगीरभरती कळत नाही," वडील तिच्या आईला म्हणाले. "यांना मुलगी कशी द्यायची?"

"बाबा, मला कुणी द्यायचं नाहीये. मी जाणार आहे," ती म्हणाली. "पण तुम्ही नाही म्हणालात तर मी रडेन. आणि मी रडले की नाल वाकडा बसतो."

हे मात्र त्यांना पटलं. वाकडा नाल त्या घरात कुणालाच परवडला नसता. त्यांनी मला नीट पाहिलं. "एक खोगीर भर. शनिवारी सकाळी बाईसाहेबांवर घालू, वर तू बस. त्यांनी अंगणाच्या तीन फेऱ्या मारल्या तर माझी हरकत नाही."

म्हणजे माझं लग्न आता घोडीच्या हातात होतं, किंवा जे काय तिला असतं त्यात.

रोज छापखान्यातून सुटल्यावर मी त्यांच्या पुढच्या खोलीत बसायचो. लोकर बोटांनी पिंजायची, गादीच्या फटीतून काठीने आत सारायची, वरून लाकडी हातोडीने थोपटायची. उजवी गादी झकास भरली. शुक्रवारी संध्याकाळी डावीकडे वळलो, तेव्हा पोत्यात जेमतेम मूठभर लोकर उरली होती. उजवीकडे मी दोन गाद्यांची लोकर कोंबली होती. कमी कसं करायचं हे मला माहीत होतं, पण फक्त कागदावर.

लोकर मागितली असती तर चूक कबूल करावी लागली असती. वडील चहाला आत गेले होते. माझ्या पिशवीत एका आत्मचरित्राची कापलेली पानं होती. लेखक म्हणजे वजनमापांचे निवृत्त निरीक्षक. त्यांनी नऊशे पानं लिहिली होती आणि त्यातलं "माझी आत्या" हे बेचाळीस पानांचं प्रकरण मी त्याच दुपारी अख्खं उडवलं होतं. मी एकेक पान चोळून मऊ केलं आणि आत्याला डाव्या गादीत भरलं.

शनिवारी बाईसाहेबांवर खोगीर चढलं. खोगिरावर मी चढलो. पहिली फेरी झाली. दुसरी फेरी संपली आणि आत्या चुरचुरायला लागली. बाईसाहेबांनी कान मागे केले आणि त्या डावीकडे कलल्या. त्यांच्याबरोबर मी कललो, मग खोगीर कललं, आणि आम्ही अंगणात अगदी छोटे छोटे गोल घ्यायला लागलो.

"उतर," वडील म्हणाले. मी बराचसा उतरलेलोच होतो.

त्यांनी डाव्या गादीची शिवण उसवली. आतून एक पान निघालं. मग दुसरं. एक पान जमिनीवर पडलं ते बाईसाहेबांनी खाल्लं. ती तोंडावर हात ठेवून उभी होती. ती हसत होती की रडत होती हे मला कळेना, म्हणून मी आधी नालांकडे पाहिलं.

वडिलांनी एक पान मांडीवर सरळ केलं. वाचलं. दुसरं सरळ केलं. पायरीवर बसले. तिच्या आईने चष्मा आणून दिला. माझ्याकडे कुणी बघेना. मी खोगिराशेजारी खोगिरासारखा उभा राहिलो.

अर्ध्या तासाने त्यांनी मान वर केली. "ही आत्या भिंतीवरचं घड्याळ काखेत मारून घर सोडून का गेली?"

"काका, ती खोगीरभरती आहे."

"तेच विचारतोय मी. सोळावं पान आहे, अठरावं आहे. सतरावं कुठंय?"

आम्ही सगळ्यांनी बाईसाहेबांकडे पाहिलं. त्या चावत होत्या.

"तू वाचलं असशील ना. सांग."

मी बुटांकडे पाहिलं. "नाही वाचलं. न वाचताच कापलं."

"गाठ न बघता गादी शिवलीस," ते म्हणाले. याहून मोठी शिवी त्यांच्याकडे नव्हती. "जा. पान सतरा घेऊन ये. लग्नाचं त्यानंतर."

निरीक्षक दोन गल्ल्या सोडून राहत होते. प्रकरण कापल्याचं सांगितल्यावर त्यांनी दार लावलं. कुणीतरी ते वाचून पुढचं मागतंय म्हटल्यावर चप्पल न घालता बाहेर आले. वाटेत त्यांनी मला एक अक्षरही सांगितलं नाही. म्हणाले, "तुम्हाला नको होतं ना?"

अंगणात ते वडिलांसमोर पायरीवर बसले आणि घसा साफ केला. "आत्याचे यजमान कामावर कधी वेळेवर गेले नाहीत. सासऱ्यांनी बोललेलं कधी पाळलं नाही. जाताना ती म्हणाली, या घरात नीट चालणारं हे एवढंच आहे, हे मी नेते."

वडील आधी हलले, मग डोलले, मग पायरीवरून घसरत हसले. तिची आई हसली, ती हसली. बाईसाहेबांनी अंगणाची आपणहून एक फेरी मारली.

"बाबा, तिसरी फेरी," ती लगेच म्हणाली.

"खोगीर नव्हतं अंगावर."

"तुम्ही फेऱ्या म्हणाला होतात."

वडिलांनी डोळे पुसले. "आत्या परत पुस्तकात जाणार?"

"बेचाळीसच्या बेचाळीस पानं," मी म्हणालो. "सतरावं आता पुन्हा लिहून घेतो."

"मग काढा तारीख."

लग्नात छापखान्यातले सगळे आले होते. वडील मला खांद्याला धरून प्रत्येकासमोर नेत होते आणि अभिमानाने ओळख करून देत होते, "हा आमचा जावई. अस्सल खोगीरभरती."

संपादकांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आम्ही कधीपासून म्हणतोय."