मेंदीखालची बोटं

थंड पाण्यात हात घातला की गजराबाईची बोटं पांढरीफट्ट पडत, मग निळी, आणि चिमटा काढला तरी कळत नसे. माहेरी फुलवंताकाकीला अशाच बधिर बोटांपायी महारोगी ठरवून गावाबाहेर झोपडीत ठेवलं होतं. म्हणून गजराबाईनं कुणापाशी ब्र काढला नाही. दहाही बोटं मेंदीनं रंगवली आणि लागण नको म्हणून तान्हा मुलगा सासूच्या हवाली केला.

"हिवायामा कसानी मेंदी वं?" ऐन थंडीत मेंदी बघून सासू भिकुबाई हसली. सुनेनं हात पदराखाली घेतले.

पुढं दोन महिन्यांनी एका बोटाला जखम झाली, ती भरेना. नवऱ्यानं, हिलालनं, गाडी जुंपली आणि सगळ्यांना कळसाडीहून तळोद्याला आणलं. भिकुबाई नातवाला घेऊन दवाखान्याच्या ओट्यावर बसली.

रतिलाल डॉक्टरांकडे बोटं तपासायला नवं यंत्र कुठलं असायला! हिवतापाचं रक्त तपासायच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाची नळी त्यांनी लाकडी खोक्याला जखडली होती. नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकायचा, आरशानं ऊन पाडायचं आणि कातडीतल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या बघायच्या. त्यांनी एकेक बोट बघितलं. कपाळाला आठ्या पडल्या.

"मेंदीखाली काही दिसत नाही, बाई. रंग उतरला की या. तोवर मूल लांब ठेवा."

हिलाल नकळत बायकोपासून बाजूला सरकला. ते तिनं बघितलं, आणि घाबरून तिच्या तोंडून निघून गेलं, "पायना बोटंबी बधिर व्हतस."

पायाला मेंदी नव्हती. पण विद्येच्या यंत्राला पाय लावायचा कसा? तिनं आधी खोक्याला हात लावून कपाळाला नेला, जोडवी काढली आणि टेबलावर बसली. डॉक्टरांनी आरसा हिलालच्या हातात दिला. त्यानं हात लांब करून उन्हाचा कवडसा तिच्या पायावर पाडला.

तेलाचा थेंब टाकून डॉक्टर एकेक बोट बघत गेले. तिला काकीच्या झोपडीचं बुटकं दार दिसत राहिलं. मग त्यांनी उन्हानं गरम झालेल्या अंगठ्यावरून कापसाची वात फिरवली.

"कळलं?"

"कयनं."

"हा महारोग नाही. वाताच्या जातीचं दुखणं आहे. बारीक रक्तवाहिन्या फुगल्यात, काही नाहीशाच झाल्यात. यावर औषध माझ्याकडे नाही. हातपाय उबेत ठेवा."

त्यातलं तिनं पहिलंच वाक्य ऐकलं होतं. "मी मन्हा आंडोरले लेऊ का?"

"मुलाला आत्ताच घ्या. तुमच्यामुळं त्याला काही होत नाही."

ती तशीच तेलकट पायानं ओट्यावर धावली आणि दोन्ही हात पुढं केले. पोरानं त्या लालभडक बोटांकडं बघितलं आणि आजीच्या पदरात तोंड खुपसलं.

"इसरना तो तुले," भिकुबाई हळूच म्हणाली.

गजराबाईनं त्याला उचललंच. तो हातपाय झाडत आजीकडं झेपावला, रडून लाल झाला, आणि टेबलावर बसतानाही वाटली नव्हती एवढी भीती तिला आता वाटली.