तेलाचा डाग

तांबडा बॉल निम्म्या पट्टीपर्यंत नाकासमोर गेला, मग त्याला काय सुचलं कुणास ठाऊक, डावीकडे वळला आणि एकाही पिनेला न शिवता कडेच्या नालीत जाऊन पडला.

"पाहा बाबा, पुन्हा तेच!" प्रेरणा म्हणाली. "पहिल्या पट्टीवर हाच बॉल पार शेवटी वळतो. इथं मधातच वळून राह्यला."

वामनराव खुर्चीत बसून मान हलवत होते. भिंतीशी अब्दुल गनी उभा होता, हातात पुसायचा बोळा घेऊन. बापलेक आज अवेळी आले म्हणून त्याचं पुसणं अर्धवट राहिलं होतं.

हा पत्र्याचा लांबलचक हॉल म्हणजे मलकापूरच्या हायवेवरची वामनरावांची कापसाची जुनी जिनिंग. बीटी बियाणं नवं होतं त्या वर्षांत कापसाच्या गाड्यांची रांग फाटकातून पार रस्त्यावर जायची. मग बोंडअळीनं त्या बीटीलाही जुमानलं नाही. अमडापूर-उंद्रीकडचे लोक कापूस मोडून सोयाबीन पेरायला लागले आणि एका हंगामात सरकी काढायचे रेचे फिरलेच नाहीत. ते भंगारात गेले. पुण्याला शिकलेली प्रेरणा घरी आली आणि म्हणाली, हायवेवर एवढ्या गाड्या थांबतात, आपण इथं बॉलिंगचा खेळ करू. लाकडी पट्ट्यांवरून गोळे लोटायला लोक पैसे देतील, यावर गावात पुष्कळ हसून झालं. पण पट्ट्या बसल्या, पिना उभ्या राहिल्या आणि जिनिंगचा फिटर अब्दुल गनी बॉलिंगवाला झाला. त्याची बायको जहांआरा घरी त्याला चिडवायची, "म्हातारपणी गोट्या खेळायला जाता का?" तो हसायचा. आतून त्याला बरं वाटायचं. आपली शेड सुटली नाही, एवढंच त्याला हवं होतं.

पण पंधरवडा झाला तरी खेळ जमेना. बॉल वळत होते ते भलत्याच जागी. आधीचे बॉल खराब असतील म्हणून प्रेरणानं आज तीन नवे मागवले होते: तांबडा खरखरीत, निळा चकचकीत आणि काळा साधा. एकेक बॉल ती दोन्ही पट्ट्यांवर टाकून बघत होती. निळा पहिलीवर सुरेख घसरत गेला, पिनांजवळ आल्यावर वळला आणि सगळ्या पिना आडव्या करून गेला. दुसरीवर तोच पिनांच्या कितीतरी आधी वळून नालीत गेला. काळा तेवढा दोन्हीकडे गरीब गाईसारखा सरळ चालला.

"जमीनच दबली," वामनराव उठत म्हणाले. "इतकी वर्सं रेचे हादरले या जमिनीवर. आता उकरत बसाचं का? खतवाला हा हॉल गोदामासाठी मागून राह्यला, देऊन टाकू. पोत्याइले वाकडी जमीन चालते."

"बाबा, तेल मी दुपारीच दोन्हीकडे सारखं लावलं होतं. मग दुसरं काय कारण असंल?" प्रेरणाचा आवाज रडवेला झाला.

गनीचा बोळा हातातच थांबला. लावलं होतं? म्हणजे ते तेल लावायचं असतं?

प्रेरणा रोज दुपारी पट्टीवरून एक चपटं मशीन फिरवायची आणि जेवायला घरी जायची. मागे पट्टीवर तेल राहायचं. गनी फिटर माणूस, त्याला ती मशीनची गळती वाटली. पोरीला कशाला बोल लावायचा, म्हणून तो गुपचूप सगळं कोरडं करून ठेवायचा. आज पहिली पट्टी तेवढी राहून गेली होती.

गप्प राहिलं तर जमिनीचा दोष ठरेल आणि आपण अब्रूनं घरी जाऊ. बोललं तर हॉल वाचेल, पण असल्या माणसाला कोण ठेवेल? वामनराव दारापर्यंत पोचले होते.

"शेठ," गनी म्हणाला, "जमीन नाई दबली. तेल म्या पुसलं."

"पुसलं?" प्रेरणा वळली. "काऊन चाचा?"

"मले वाटलं, मशीन गळून राह्यली."

"रोज?"

"हाव, बेटा. रोज."

प्रेरणा मटकन खाली बसली. "अहो चाचा, सुरवातीले तेल, शेवटी कोरडं, असं असलं तरच बॉल आधी घसरतो अन् मंग वळतो. मी त्या बॉलवाल्याशी किती भांडली! एकदा विचाराचं तरी मले!"

वामनराव दारातून परत आले. त्यांनी गनीच्या हातातला तेलकट बोळा पाहिला.

"त्याले नको बोलू वं," ते म्हणाले. "रुईवर तेलाचा डाग पडला होता, तं बांधलेली अख्खी गाठ गिरणीतून वापस आली होती. हा तवा नवा होता. इथीसाच, साऱ्या मजुराइच्या समोर, म्या त्याले नाई नाई ते बोललो. तेल दिसलं का पुसाचं, हे माह्यंच शिकवणं हाय." मग गनीकडे वळून म्हणाले, "तुह्या ध्यानात राह्यलं, गनी. मीच इसरलो."

प्रेरणा उठली. तिनं तेलाचं मशीन गनीच्या पुढ्यात आणून ठेवलं. "आजपासून तुम्हीच लावा चाचा. या खुणेपर्यंत. पुढं कोरडं ठेवा."

आयुष्यभर या शेडमधलं तेल टिपलेल्या माणसानं दुसऱ्या पट्टीवर मुद्दाम तेल सोडलं. हात खुणेवर बरोबर थांबला. प्रेरणानं निळा बॉल टाकला. तो तेलावरून घसरत गेला, कोरड्यावर वळला आणि पिना धडाधड कोसळल्या. वामनराव लहान पोरासारखे टाळ्या वाजवत सुटले. खरखरीत तांबडा जरा आधी वळला, पण त्यानंही पिना पाडल्या. मग खतवाल्याला नाही म्हणून सांगायला बापलेक बाहेर गेले.

गनी एकटाच उरला. पिना पडल्याच्या दणक्यानं वर पत्र्याखालच्या लोखंडी तुळयांत काहीतरी हललं असावं. कुठल्या तरी जुन्या हंगामातली रुईचा एक पुंजका तरंगत खाली आला आणि पट्टीच्या तेलावर बसला. चटकन वाकून गनीनं तो उचलला आणि उजेडात धरला. एका बाजूनं तेल लागलं होतं.

"डागी," तो सवयीनं पुटपुटला. मग ते ऐकून डागी रुई बाजूला काढायला आता गाठीवर कुणी उभं नाही, हे त्याला आठवलं. त्यानं पुंजका सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि बोटांचं तेल पट्टीवर जिथून निघालं होतं तिथंच पुन्हा लावलं.