खालची रेघ, जाडी तार

मित्रांनो, मला वाजवायला शिकण्यात बाईंचा फायदा काय होता, ते आधी सांगते. नाहीतर तुम्ही उगाच कलेच्या प्रेमाने हेलावून जाल. बाईंना गाण्याचं काडीचंही वेड नव्हतं. त्यांना त्यांचा मुलगा घरात हवा होता, बस्स.

मी एक जुनी बेस गिटार आहे. चार जाड तारा, लांब मान आणि मांडीला घासून घासून रंग उडालेलं अंग. कारखान्यात माझ्यासारख्या पुष्कळ जणी टांगलेल्या होत्या. दुकानात आल्यावर मला निवडलं ते बाईंच्या नवऱ्याने. तो बस दुरुस्त करणारा मेकॅनिक. कितीही धुतलं तरी त्याच्या नखांत काळं राहायचंच, पण हात धुतल्याशिवाय तो मला कधी शिवला नाही. घराच्या मागच्या खोलीत तो, त्याचा मुलगा आणि ड्रम वाजवणारा एक धिप्पाड तरुण असे तिघे रॉकची गाणी बसवायचे. त्या तरुणाला सगळे भूकंप म्हणत. मुलगा गिटार वाजवत गायचा. लोक मुलाचं कौतुक करायचे, भूकंपाला घाबरायचे आणि माझ्याबद्दल अवाक्षरही काढायचे नाहीत. बेसचं असंच असतं. वाजतेय तोवर कुणाला पत्ता नसतो. थांबली की गाणं पोकळ होतं.

मग तो मेकॅनिक वारला आणि मी थांबले.

भूकंपाने दुसरा बेसवाला हेरला. त्याचं स्वतःचं गोदाम होतं, तेव्हा सराव तिकडे हलणार हे ठरल्यातच जमा. मुलगा दिवसभर कामावर असायचा. संध्याकाळी सरावापुरता घरात दिसायचा, तोही आता दिसणार नव्हता. बाई शिवणकाम करायच्या. माणूस कुठे सैल आणि कुठे घट्ट, ते त्यांना टेप न लावता कळायचं. घर किती सैल पडणार आहे, तेही त्यांना कळलं.

"महिनाभर थांबा," त्या म्हणाल्या. "बेस मी वाजवते."

"काकू, ही शिलाई मशीन नाही," भूकंप म्हणाला.

"म्हणून तर महिना मागतेय. मशीन आठवड्यात शिकले होते."

शिकवायला कुणी नव्हतं. मेकॅनिकचे टॅबचे कागद तेवढे होते. टॅब म्हणजे चार आडव्या रेघा. प्रत्येक रेघ ही माझी एक तार. रेघेवर तीन लिहिलं असेल तर त्या तारेवर मानेवरच्या तिसऱ्या घरात बोट दाबायचं, शून्य असेल तर तार मोकळीच छेडायची. स्वरलिपी न येणाऱ्यांची सोय.

मुलगा कामावर गेला की बाई मला मांडीवर घ्यायच्या. स्पीकर जोडायच्या नाहीत; फजिती शेजाऱ्यांच्या कानी कशाला घाला! सुईने बोटांना आधीच घट्टे पडलेले, त्यामुळे तारांनी त्यांना रडवलं नाही. पण कागद त्यांनी वाचला तो शिवणाऱ्या बाईच्या डोळ्यांनी. कागदी साचा कापडावर ठेवला की वरचं ते वर, खालचं ते खाली. मांडीवर माझी सगळ्यात जाडी तार वर येते, म्हणून वरची रेघ म्हणजे जाडी तार, असं त्यांनी धरलं. टॅबमध्ये नेमकं उलटं असतं. त्यांनी अख्खं गाणं उलटं पाठ केलं, तेही बिनचूक! मला सगळं कळत होतं. पण छेडाल तेच बोलायचं, हा आमचा धर्म.

सरावाला त्या ऐटीत बसल्या. दोन ओळींतच भूकंपाच्या काठ्या थांबल्या.

"काकू, हे कुठलं गाणं?"

मुलगा हसला. मग त्याने आईचा चेहरा पाहिला आणि हसू गिळलं. "आई, खालची रेघ म्हणजे जाडी तार."

"मग खाली का काढली?"

"जगभर तशीच काढतात."

"जगाने कधी कापड बेतलेलं दिसत नाही."

पाठ झालेलं उसवणं फार जिकिरीचं. बाईंनी ते उसवलं. मग दुसरी अडचण आली. आकडा सांगतो बोट कुठे ठेवायचं. पुढच्या आकड्यापर्यंत थांबायचं किती, ते मेकॅनिकच्या कागदांवर नव्हतंच. त्या घाई करायच्या आणि गाण्याच्या पुढे निघून जायच्या.

"माझ्या उजव्या पायाकडे बघा," भूकंप म्हणाला. "तो मोठ्या ड्रमवर पडला की छेडा. तोवर गप्प."

गप्प राहणं बाईंना जमेना, पण पाय त्यांना कळायचा. त्यांचा जन्म पायमशीनवर गेला होता. महिना सरता सरता एका संध्याकाळी मी आणि तो ड्रम एकाच वेळी बोललो आणि गाणं भरून आलं. मुलगा शेवटची ओळ गायला विसरला.

"आई, बाबांसारखं वाजवलंस!" तो म्हणाला. मग गिटारच्या वायरची पिन उगाच काढत, घालत राहिला. "दुसऱ्या शहरात एका बँडमध्ये मला जागा आहे. दोनदा नाही म्हटलं. तू एकटी काय करशील, म्हणून. आता तुझं तुला करमेल. जाऊ?"

बाईंचं बोट तारेवर असं रुतलं की माझ्या मानेतून कळ गेली. नाही म्हटलं असतं तर तो राहिला असता. त्यांना ते ठाऊक होतं, मलाही.

"जा," त्या म्हणाल्या. "आधी हे पुन्हा एकदा वाजवू. मधे मी चुकले होते."

त्या चुकल्या नव्हत्या.

मुलगा गेला. भूकंप त्या बेसवाल्याच्या गोदामात वाजवू लागला. "काकू, या ना," म्हणून दोनदा बोलावून गेला, बाई गेल्या नाहीत. मी कपाटाशेजारी उभी आहे. तारांवर गंज चढलाय. मुलाचा फोन येतो, "वाजवतेस ना?" बाई म्हणतात, "रोज."

मित्रांनो, वाद्य बाजूला ठेवायचं झालं तर तारा थोड्या सैल करून ठेवा. ताणलेल्या तशाच विसरलात तर मान हळूहळू वाकते. आणि ज्यांनी तुम्हाला "जा" म्हटलं, त्यांना वाजवतेस ना, एवढं विचारून फोन ठेवू नका. वाजवून दाखव म्हणा, आणि ऐकत थांबा.

मुलाला निश्चिंत मनाने जाता आलं. भूकंपाची सोय झाली. मला एक महिना आवाज मिळाला. किंमत एकट्या बाईंनी मोजली, आणि ती ज्याच्यासाठी मोजली त्याला अजून सांगितलेली नाही.